‘हाव’ म्हणायला किती टक्के लागतात?

शनिवारी रात्री मेव्हण्यांनी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला. तुम्हालाही आलेला असणार. ‘समोरच्यावर पडणाऱ्या प्रभावात शब्द फक्त ७ टक्के! आवाज ३८ टक्के, देहबोली ५५ टक्के. अमेरिकन शास्त्रज्ञाने सिद्ध केले आहे.’ खाली आणखी चार मुद्दे, जोडलेले हात आणि ‘आपल्या मुलांना नक्की पाठवा’. हा आकडा कित्येक वर्षं ऐकतोय आणि सोडून देतोय. या वेळी सोडणार नाही, कारण रविवारी सकाळी भाचीचा फोन आला.

पोरगी चोपडा तालुक्यातली, कृषीची पदवी झालेली. केळीची रोपं तयार करणाऱ्या एका कंपनीत दहा दिवसांवर मुलाखत. म्हणाली, “मामा, मी वह्या ठेवून दिल्या. शब्दांना सातच टक्के असतील तर बाकीचं आधी पक्कं करते.” जळगावातल्या कुठल्याशा क्लासनं दोन दिवसांचे पैसे घेऊन तिला हेच सांगितलं होतं. मेव्हण्यांच्या मेसेजनं त्यावर शिक्का मारला.

तर पहिला मुद्दा, टक्क्यांचा. शास्त्रज्ञ खरा आहे. आल्बर्ट मेहराबियन, कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजेलिस. १९६७ साली त्यांचे दोन प्रयोग छापून आले. एकात नऊ सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते. दुसऱ्यात एकच शब्द होता, ‘मे बी’, म्हणजे आपलं ‘बघू’. तो तीन सुरांत ऐकवला आणि सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवले. विचारायचं एवढंच, की बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतोय की नाही. शब्द एक सांगतो, सूर दुसरंच सांगतो, तेव्हा ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो, हे त्यांना बघायचं होतं. मग दोन्ही प्रयोगांचे आकडे जोडून ७-३८-५५ निघालं. शब्द, सूर, चेहरा या तिन्हींचं वजन एकत्र एकाही प्रयोगात मोजलेलं नाही. आणि ५५ टक्के कशाचे? चेहऱ्याचे, तेही फोटोतल्या. ताठ बसणं, हातवारे, हस्तांदोलन, यातलं काहीच तिथे नव्हतं. ‘देहबोली’ मागाहून कुणीतरी चिकटवली. खुद्द मेहराबियननी लिहून ठेवलंय की माणूस स्वतःच्या भावना किंवा आवडनिवड सांगत नसेल, तर हे समीकरण लागूच होत नाही. ज्याच्या नावानं मेसेज फिरतोय तोच नाही म्हणतोय, आणि आपण मुलांना नक्की पाठवतोय.

आता मला सांगा, मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या लागवडीच्या दोन हंगामांतला फरक ती मुलाखतीत कुठल्या टक्क्यांतून सांगणार? भुवया उडवून? मेव्हणे स्वतः केळीवाले. रोज सकाळी व्यापाऱ्याशी फोनवर बोलतात. व्यापारी दिसत नाही, म्हणजे त्यांच्याच हिशेबानं ५५ टक्के गेले. तरी तो क्विंटलमागे वीस रुपये कमी बोलला, तर ते सात टक्के मेव्हण्यांना लगेच ऐकू येतात.

एक मात्र नाइलाजानं कबूल करतो. आमच्या आईचं ‘हाव’, म्हणजे आमच्याकडचं ‘हो’, तीन प्रकारचं होतं. लांबवलेलं असेल तर खरंच परवानगी. तुटक असेल तर ‘करून तर बघ’. आणि भाकर थापता थापता हात मध्येच थांबला, मान वर झाली नाही आणि तेवढंच ‘हाव’ आलं, तर पाहुणे गेल्यावर आमची धडगत नसायची. शब्द एकच. थापण्याचा आवाज बंद पडला की आम्हाला कळायचं. मेहराबियननी मोजलं ते असलंच काहीतरी, आणि तेवढ्यापुरतं ते बरोबरच आहे. पण आईला आधी काय विचारलंय हे माहीत नसलेल्या माणसाला त्या थांबलेल्या हातातून काय कळणार होतं?

दुसरा मुद्दा मला सगळ्यांत जास्त झोंबला. ‘जो डोळ्याला डोळा देत नाही तो खोटं बोलतोय किंवा त्याच्यात आत्मविश्वास नाही.’ अरे बाबा, आपल्याकडे पोरीला चालायला लागल्यापासून काय शिकवतात? मोठ्यांसमोर नजर खाली. आजीनं शिकवलं, काकानं शिकवलं, हा मेसेज टाकणाऱ्या बापानंही शिकवलं. वीस वर्षं ज्याला संस्कार म्हटलं, तेच आता खोटेपणाचं लक्षण? आणि मला नादुरुस्त पंप नवा म्हणून विकणारा दुकानदार डोळ्यांत डोळे घालूनच बोलत होता. पापणीसुद्धा लवली नाही त्याची.

बाँड आणि डीपॉलो या संशोधकांनी २००६ साली या विषयावरचे कितीतरी अभ्यास एकत्र तपासले. खोटं कोण बोलतंय हे माणसं शंभरात सरासरी ५४ वेळा बरोबर ओळखतात. नाणं उडवलं तरी पन्नास येतातच. डीपॉलो यांच्याच आधीच्या, २००३ सालच्या पाहणीतही नजर चुकवण्याचा खोटेपणाशी पक्का संबंध सापडला नव्हता. भाचीनं मला व्हिडिओ कॉलवर सराव दाखवला. डोळे ताणून, न हलता अशी बघत होती की मला वाटलं शेताच्या बांधावरून भांडायला आली आहे. “मामा, कसं वाटतंय?” काय सांगू?

तिसरा मुद्दा तर कहरच. ‘मुक्या-बहिऱ्यांचं काम शब्दांशिवाय चालतं, मग आपलं का नाही?’ खुणांची भाषा म्हणजे शब्द नसणं, असं यांना वाटतं. त्या भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. भारतीय सांकेतिक भाषेच्या सरकारी शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले. नुसत्या हावभावांवर भागत असतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता? लहानपणी आजोबांसोबत वरखेडीच्या बैलबाजारात गेलो होतो. रुमालाखाली दोघांचे हात, बोटं दाबून सौदा चाललेला आणि दोघांचे चेहरे मात्र भिंतीसारखे. बोटांना आकडे ठरलेले होते, म्हणून ती बोलत होती. चेहऱ्यावरून काही कळू नये यासाठीच तर सगळा बंदोबस्त.

हाताची घडी म्हणजे मन बंद, हा चौथा. जानेवारीत पहाटे धुळ्याच्या स्टँडवर या, अख्खं स्टँड मनानं बंद सापडेल. पाचवा, दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून उभं राहा, आत्मविश्वास वाढतो. हे २०१० च्या ज्या अभ्यासावरून आलं, त्याच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनीच २०१६ साली जाहीर सांगितलं की आपला आता यावर विश्वास नाही. पुढे बोलण्यासारखं काही नाही.

माझा राग टक्क्यांवर फारसा नाहीच. पोरगी घरात अहिराणी बोलते. केळीचं तिला सगळं येतं, पण ते अहिराणीत येतं, आणि मुलाखत मराठी-इंग्रजीत. तिची अडचण नेमकी शब्दांची आहे. शहरातल्या पोरापाशी ते आधीच असतात, त्यानं खुशाल आरशासमोर उभं राहावं. हिला दहा दिवसांत ते जमवायचे आहेत, आणि हिलाच सांगतात की शब्दांना किंमत नाही.

म्हणून आता रोज रात्री नऊला फोन. व्हिडिओ नाही, साधा. काल विचारलं, “करपा कसा ओळखशील?” मराठीत अडखळली. म्हटलं, आधी अहिराणीत सांग. मग न थांबता बोलली. खालच्या पानांवर शिरांना समांतर पिवळसर रेघा, त्यांचे तपकिरी ठिपके, मधे राखाडी, दमट हवेत पसरतो, रोगट पानं कापून बागेबाहेर काढायची. नंतर तेच मराठीत, एकेक शब्द शोधत. ‘समांतर’ तीनदा चुकला, चौथ्यांदा बसला. रेघा सांगताना पलीकडून बांगड्या वाजत होत्या. मला दिसत नसताना हातानं पान काढून दाखवत होती.