शेकडा ४६.३३

माझी पदवीची गुणपत्रिका गेली तेहतीस वर्षे विम्याच्या कागदांच्या फाइलमध्ये, अगदी शेवटच्या प्लास्टिकच्या कप्प्यात, पालथी घालून ठेवलेली होती. पालथी अशासाठी की, फाइल चाळताना कोणाची नजर चुकून तिथवर पोहोचलीच, तर त्याला नुसता कोरा कागद दिसावा. मुलीला दहावीच्या अभ्यासाला बसवताना "आमच्या वेळी एवढ्या सोयी नव्हत्या" हे वाक्य मी सढळ हाताने वापरले. त्या सोयींच्या अभावी मला नेमके किती गुण पडले, हे मात्र कधी उच्चारले नाही. पुढे तिला ९४ टक्के मिळाले आणि तो विषय कायमचा मिटला, अशी माझी समजूत झाली.

तो उकरून काढला आमच्या न्हाणीघराच्या छताने. वरच्या बिऱ्हाडातून आमच्याकडे चार वर्षे पाणी ठिबकत आहे आणि सोसायटीचे सचिव चार वर्षे "बघू" म्हणत आहेत. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर हाताशी वेळ होता, म्हणून मी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मुळातून वाचायला घेतला आणि आश्चर्य म्हणजे तो मला आवडला. ज्या वाक्यात तीन वेळा "परंतु" येते आणि तरीही शेवटी काहीतरी ठरते, अशी वाक्ये मी आमच्या घरात कधी ऐकलेली नव्हती. पंधरा दिवसांनी रात्री जेवताना मी जाहीर केले की, आपण तीन वर्षांचा एलएल.बी.चा अभ्यासक्रम करणार आहोत. सौभाग्यवतींनी आमटी वाढता वाढता विचारले, "म्हणजे गळती आणखी तीन वर्षे थांबणार नाही का?"

वयाची अडचण येईल, अशी मला मनोमन आशा होती. चोपन्नाव्या वर्षी नियमानेच नकार मिळाला असता, तर हौसही मिरवता आली असती आणि गुणपत्रिकाही पालथीच राहिली असती. तशी अट आलीही होती. वकिलांवर आणि कायद्याच्या शिक्षणावर देखरेख करणाऱ्या बार कौन्सिलने २०१६ मध्ये तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी तिशीची मर्यादा पुन्हा लागू केली होती. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. राहता राहिली गुणांची अट. खुल्या प्रवर्गाला पदवीला किमान ४५ टक्के हवेत. ही ओळ मुलीने संगणकावर मोठ्याने वाचली, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि अतिशय मऊ आवाजात विचारले, "बाबा, तुम्हाला किती होते?"

ज्याने आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांच्या ताळेबंदांवर शेरे मारले, त्याला स्वतःचा ताळेबंद पोटच्या मुलीपुढे उघडताना काय वाटते, हे मी सविस्तर सांगत नाही. मी फाइल आणली. ती कप्पा उघडेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो. तिने कॅल्क्युलेटरवर बेरीज तीनदा केली; पहिल्या खेपेस विश्वास बसला नाही म्हणून, दुसऱ्या खेपेस काही राहून गेले असेल म्हणून आणि तिसऱ्या खेपेस आईला ऐकू जावे म्हणून. उत्तर तिन्ही वेळा ४६.३३ आले.

"त्या वर्षी मला कावीळ झाली होती," मी म्हणालो. हे मी लग्नाच्या बोलणीतही सांगितले होते आणि ते तिथे चालून गेले होते.

"पण बाबा, पहिल्या वर्षी तर याहून कमी आहेत," ती म्हणाली. मग तिचे बोट एका ओळीवर थांबले. व्यापारी कायदा, १०० पैकी ४१. "आणि तुम्ही शिकणार आहात कायदाच ना?"

तरीही, ४५ च्या उंबरठ्यावरून मी पूर्ण १.३३ ने आत पडलो होतो. पुण्यात ९० च्या खाली गुण मिळाल्यास लोक घरच्यांची विचारपूस करतात. अशा शहरात राहून कोणी ४५ पुरेसे आहेत असे लेखी म्हणते, याचेच मला भरून आले. शिवाय पुढची गुणवत्ता यादी सीईटीच्या, म्हणजे प्रवेश परीक्षेच्या, गुणांवर लागते, म्हणजे पदवीच्या गुणांना दाराशी एकदा ओळख दाखवली की झाले, असा मी अर्थ लावला. सदाशिव पेठेतल्या मामांनी मात्र तो मानला नाही. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी फोनवर ते म्हणाले, "लोकमान्य १८७९ साली एलएल.बी. झाले. त्याआधी बी.ए.ला गणितात पहिल्या वर्गात होते. तुझा वर्ग कुठला?" मी पास क्लास असे उत्तर दिले. "पण मामा, टिळकांनी पुढे वकिली केली नाही, मीही करणार नाही," असेही मी सांगून पाहिले. मामा म्हणाले, "ते बरे होईल."

अर्ज भरणे हा निराळाच व्याप होता. गुणपत्रिकेवर विद्यापीठाचे नाव इंग्रजीत "पूना" असे होते, यादीत ते २०१४ पासूनच्या नव्या नावाने होते, आणि ही दोन्ही एकच, हे पटवून घ्यायला मला स्वतःलाच थोडा वेळ लागला. ओटीपी हिच्या मोबाइलवर जात होता आणि ही मंडईत होती. पण या सगळ्याची गुणपत्रिका स्कॅन करण्याशी तुलना होऊ शकत नाही. मी ती नोकरी लागली तेव्हा अप्पा बळवंत चौकात हौसेने लॅमिनेट करून घेतली होती. आता कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलाने ती काचेवर ठेवली, आणि पडद्यावर चित्र उमटले ते असे की, सगळे विषय लख्ख दिसत होते आणि एकूण गुणांवर मात्र ट्यूबलाइटचा पांढरा झोत पडला होता.

"राहू द्या की तसेच," मी म्हणालो.

"काका, मेन तेच दिसत नाही. फॉर्म रिजेक्ट होईल." असे म्हणून त्याने गुणपत्रिका तिरकी करून पुन्हा ठेवली आणि नीट आले की नाही हे पाहण्यासाठी चित्र मोठे केले, आणखी मोठे केले, इतके की माझे ४१ गुण त्याच्या पडद्यावर तळहाताएवढे झाले. माझ्यामागे रांगेत सहा-सात मुले उभी होती. सगळ्यांच्या हातात स्वतःच्या गुणपत्रिका होत्या आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या गुणपत्रिकेवर होत्या. "फोर्टी वन," दुकानदार खात्री करून घेण्यासाठी म्हणाला. मागच्या एका मुलाने मला बसायला स्टूल दिले. तो आदर वयाचा होता की गुणांचा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. हे कळल्यावर ही म्हणाली, "म्हणजे सुचेल ते सांगितले तरी चालते? तुम्हाला जमेल." अभ्यासाचे पुस्तक आणायला गेलो, तर विक्रेत्याने मुलगा की मुलगी असे विचारले, आणि मी भित्रेपणाने "मुलगी" म्हणून सांगितले. परीक्षा केंद्रावर रखवालदाराने मला अत्यंत अदबीने पालकांच्या मांडवात नेऊन बसवले, तिथे एका गृहस्थांनी त्यांच्या चिरंजीवांच्या टक्केवारीबद्दल बोलायला सुरुवात केली, आणि प्रवेशपत्र दाखवून मी तिथून सुटलो तेव्हा दार बंद व्हायला आठ मिनिटे राहिली होती.

निकाल फार वाईट लागला नाही. पहिला पसंतीक्रम मी विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या १९२४ सालच्या त्या महाविद्यालयाला दिला होता, कारण त्यामागच्या टेकडीवर मी वीस वर्षे फिरायला जातो आणि तेथे शिकलेले यशवंतराव चंद्रचूड पुढे सरन्यायाधीश झाले, हे आमच्या फिरण्याच्या कट्ट्यावर आठवड्यातून एकदा तरी निघते. तिथली यादी माझ्या बरीच वर संपली. दुसऱ्या फेरीत दुसरीकडे जागा मिळाली आणि मूळ कागदपत्रे घेऊन हजर होण्याचा निरोप आला.

आदल्या रात्री मी उत्तरांची उजळणी केली. गुण इतके कमी का, व्यापारी कायद्यात ४१ च का, पहिल्या वर्षी त्याहून कमी का. या सगळ्याला एक सुसंगत निवेदन मी तेहतीस वर्षांत प्रथमच तयार केले होते आणि ते, माझ्या मते, चांगले उतरले होते. टेबलामागचे कारकून पन्नाशीचे होते. त्यांनी गुणपत्रिका उजेडात धरली, चमक चुकवण्यासाठी जराशी कलती केली, बोट एकूण गुणांवर नेले, वहीत ४६.३३ लिहिले आणि पुढचा कागद मागितला.

"त्याचे असे आहे," मी खुर्ची पुढे ओढत म्हणालो, "त्या वर्षी मला कावीळ झाली होती."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"आता आहे का?"

"नाही."

"मग इथे सही करा."