मूत्राशय काढलं म्हणजे जन्मभर नळी? तो फॉरवर्ड जरा थांबवा

आमच्या फोंड्याच्या फॅमिली ग्रुपवर परवा परत तो मेसेज फिरला. कॅन्सरमुळे मूत्राशय काढलं की माणूस जन्मभर नळीला बांधला, लघवीत पांढरं दिसलं की पू समजून अँटिबायोटिक घ्या, आणि पाणी कमी प्या. मामांच्या ऑपरेशनपासून त्यांना घेऊन कदंबा बसने बांबोळीच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या मारतोय, म्हणून गप्प बसवेना.

नळीचं आधी. कुठलं ऑपरेशन केलं त्यावर सगळं असतं. बहुतेकांचं होतं ते इलियल कॉन्ड्युट, लहान आतड्याचा 15-20 सेंटीमीटर तुकडा घेऊन पोटावर तोंड काढतात, लघवी आपोआप बाहेरच्या बॅगेत उतरते, रोजची नळी त्यात नाहीच! आत आतड्याचं पाउच, म्हणजे पिशवी, करून पोटावर तोंड ठेवलं तर 4-6 तासांनी नळी घालावीच लागते, पण घातली, रिकामं केलं, काढली, लटकत काय राहात नाही. तिसरं, आतड्याचंच नवं ब्लॅडर करून मूळ मार्गाला जोडतात, पहिले साधारण 3 आठवडे नळी, मग बरेच जण जोर देऊन स्वतः करतात, काहींचं पूर्ण रिकामं होत नाही, त्यांना नळी घालून रिकामं करावं लागतं. मामा त्यातलेच.

आता ते पांढरं. अरे, आतडं आहे ते, म्यूकस म्हणजे तो बुळबुळीत चिकट स्राव सोडणारच! एकदा मामांनी आळस केला, दोन दिवस नवं ब्लॅडर धुतलं नाही, रात्री तीनला पोट टम्म आणि नळीतून थेंब नाही. सिस्टरने शिकवल्याप्रमाणे मामीने सिरिंजने सलाईन हळू आत सोडलं, हळूच ओढलं, तर शेवयांसारखे धागे आले नि मग लघवीची धार. त्यात अँटिबायोटिक काय करणार? नळी घालणाऱ्याच्या लघवीच्या कल्चर तपासणीत जंतू दिसणं तर नेहमीचंच, ताप, थंडी, कमरेत दुखणं असेल तरच उपचार. हात साबणाने स्वच्छ धुवा, ते मात्र रोज.

पाणी कमी प्यायचं हे तर उलटंच. म्यूकस घट्ट होतो, खडे होतात. डॉक्टरनेच हृदय-किडनीसाठी मोजून दिलं असेल तर वेगळं.

मेसेजात थोडं खरंही आहे. इन्फेक्शन होतं, पोटावरच्या तोंडाशेजारी हर्निया होतो, आतडं लघवीतलं आम्ल शोषतं म्हणून रक्ताची तपासणी लागते, बी12 कमी पडतं. पण ज्याची खरी भीती धरायची ते त्यात लिहिलेलंच नाही, किडनीतून लघवी आणणारी मूत्रनलिका आतड्याला जोडतात तिथे आकसते आणि किडनी कुठलाही त्रास न देता फुगत जाते, कळतं ते सोनोग्राफीत. मामांची पाळी चतुर्थीच्या धामधुमीत हुकली, सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीय.