मोबाइल तांब्याला टेकवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

मूल जेवत नाही? मोबाइल तांब्याला टेकवा. तांब्या भरलेला हवा, रिकामा कलंडतो. स्क्रीन ताटापासून वीतभर लांब, म्हणजे वरणाचे शिंतोडे उडत नाहीत. एवढं जमलं की पालकत्वाचं निम्मं काम उरकलं. उरलेलं निम्मं म्हणजे मूल काय बघतंय ते तपासणं. गेल्या आठवड्यात शाळेतून बोलावणं आल्यापासून मी या विषयातला जाणकार झालो आहे, तेव्हा चार गोष्टी सांगतो.

आधी व्हिडिओचं नाव वाचा. त्यात 'परंपरा', 'संस्कृती', 'गावाकडची चव' किंवा 'आजीच्या हातचं' यांपैकी काहीही असेल तर पुढे तपासायची गरज नाही. मागे बासरी वाजत असेल तर डोळे मिटून मुलाच्या हाती द्या.

आवाज बारीक ठेवा. शिव्या ऐकू येत नाहीत.

वयाची काळजी तर करूच नका. यूट्यूबवर स्वतःचं खातं चालवायला 13 वर्षं पूर्ण लागतात, आपली कन्या आठची. पण खातं कुठे तिचं आहे? ते आपलं. यंत्राच्या हिशेबी चाळिशीतला एक इसम रोज साडेसातला जेलीचे व्हिडिओ बघतो आणि दहानंतर गृहकर्जाचे. मुलांसाठी वेगळं ॲप आहे, भारतात ते 2016 पासून मिळतं. घेऊ नका. मूल ओळखतं आणि रडतं.

शिवाय व्हिडिओ चढवणाऱ्यालाच सांगावं लागतं की हा मुलांसाठी आहे की नाही. 'आहे' म्हटलं की खालच्या कमेंट बंद होतात आणि बघणाऱ्याची आवडनिवड हेरून दाखवायच्या जाहिरातीही बंद. म्हणजे पोटावर पाय. म्हणून खाऊगल्लीवाला दादा 'मुलांसाठी नाही' यावर टिचकी मारतो आणि मग वर सात रंगांच्या आइस्क्रीम डोशाचं चित्र लावतो. तुमच्या पोराने तो लावला तर दोष पोराचा.

एका बैठकीत वीस अंडी, किलोभर मटण आणि परातभर भात संपवणारा माणूस अवश्य दाखवावा. हा प्रकार मूळचा कोरियाचा, त्याला मुकबांग म्हणतात. चीनने 2021 साली अन्नाच्या नासाडीविरुद्ध कायदा केला आणि असल्या अतिखाऊ व्हिडिओंना दंड ठेवला. आपण तसे मागासलेले नाही. आपण पोराला 'ताटात टाकू नकोस' असं सांगत सांगत तो माणूस दाखवतो.

धुराची बिस्किटं आणि धुराचं पान हेही मुलांना फार आवडतं. तो धूर द्रवरूप नायट्रोजनचा असतो, उणे 196 अंशांचा. 2024 साली बंगळुरूत लग्नातलं असलं पान खाऊन 12 वर्षांच्या एका मुलीच्या जठराला भोक पडलं. पण व्हिडिओत भोक दिसत नाही, धूर दिसतो. छान दिसतो.

काय दाखवू नये, तेही सांगतो. एक कोळीण सुरमई कापून दाखवते तो व्हिडिओ. आमच्या कन्येने बघितला आणि अर्धा तास प्रश्न विचारले. गाबोळी म्हणजे काय, कल्ले लाल का असतात, कोयती पायाखाली कशी धरते. रक्त दिसत होतं हो! नातेवाइकांच्या ग्रुपवर मला समज देण्यात आली. लगेच बंद केला.

आता मुख्य मुद्दा: दुसऱ्याचं अन्न. शाळेने तिसरीला गृहपाठ दिला होता, 'आपली खाद्यसंस्कृती, व्हिडिओ बघून दहा ओळी लिहा'. सोबत लिंक. पुरणपोळीची होती, चुलीवरची, उत्तम. ती संपली आणि पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला. ते बंद करून ठेवता येतं, मी ठेवलं नव्हतं. मी सोफ्यावर माझ्या मोबाइलमध्ये होतो. तिसऱ्या व्हिडिओत एक पोरगा नागालँडच्या बाजारात शिरला. समोर टोपलीत रेशमाच्या किड्याचे कोश. विकणारी बाई शांतपणे सांगू पाहत होती, हा तिच्या तोंडावर कॅमेरा धरून ओकारीचे आवाज काढत होता, मागे भुताचं संगीत. 'गाइज, ये लोग क्या खाते हैं देखो!' लाखो लोकांनी अंगठे दिलेले.

अरे गाढवा, ते लोक त्याच किड्याचं रेशीम विणतात आणि आतला किडा वाया न घालवता खातात. ओडिशातल्या मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या चटणीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या नागपूरच्या संत्र्याला आहे तेच. तुला हे विचारावंसं वाटलं नाही, कारण विचारण्याला अंगठे मिळत नाहीत, नाक मुरडण्याला मिळतात.

आणि नाक मुरडणं आठ वर्षांचं पोर एका संध्याकाळीत शिकतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शेजारच्या मुलीने डबा उघडला. भाकरी आणि सुकटीची चटणी. आमच्या कन्येने पाण्याच्या बाटलीचा माइक केला, नाक दाबलं आणि म्हणाली, 'गाइज, ये देखो क्या खा रही है!' अख्खा वर्ग हसला. त्या मुलीने डबा लावून टाकला आणि दिवसभर उघडला नाही.

मला बोलावलं. मी आधी काय केलं असेल? 'लिंक तुम्हीच पाठवली होती,' असं म्हणालो. लाज वाटते सांगताना, पण पहिलं वाक्य तेच होतं.

शाळेने मग उपाय केला. ग्रुपवर सूचना आली: 'कृपया डब्यात उग्र वासाचे पदार्थ देऊ नयेत.' खाली अठ्ठावीस जणांचे नमस्कार.

म्हणजे हसणाऱ्यांना काही नाही, आणि जिच्यावर हसले तिचा डबा बदला! लसणाची फोडणी उग्र नाही का? मुळ्याचे पराठे? सुकटीचाच वास तेवढा तुमच्या नाकाला झोंबतो? अहो बाई, लिंक पाठवण्याआधी पाच मिनिटं स्वतः बघत बसायचं होतं. आणि मी तरी कोण मोठा, दोन हातांवर पोरगी बसली होती, मान वर करायला काय झालं होतं मला? नमस्कार टाकणाऱ्या अठ्ठावीस जणांनो, तुमच्याही घरी तांब्याला टेकवलेला आहेच. जा, बघून या काय चाललंय.

कन्येने माफी मागितली. त्या मुलीच्या डब्यात आता रोज जॅम-ब्रेड असतो म्हणे.