‘इकिगाई’च्या चार वर्तुळांत नोकरीचा अर्थ सापडत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर आणि कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये एक चित्र हमखास दिसतं. त्यात चार वर्तुळं: आवडतं ते, जमतं ते, जगाला हवं ते, पैसे मिळतात ते. मधोमध ‘इकिगाई’. सोबतचा दावा असा, की हे जपान्यांच्या दीर्घायुष्याचं गुपित आहे. मधला बिंदू सापडला की कामाला अर्थ येतो, नाही सापडला तर नोकरी बदला.

‘हे जपानी आहे.’ चित्र जपानी नाही. मूळ आकृती आंद्रेस सुसुनागा या स्पॅनिश ज्योतिषाची. 2014 मध्ये ब्लॉगर मार्क विन यांनी तिच्या मध्यभागी ‘इकिगाई’ लिहिलं आणि ती जगभर फिरली. मानसोपचारतज्ज्ञ मिएको कामिया यांनी 1966 मध्ये इकिगाईवर जे लिहिलं, त्यामागे कुष्ठरुग्णालयातला अनुभव होता. तिथे पगाराचं वर्तुळ कुठे बसवणार?

‘त्यानेच ते दीर्घायुषी होतात.’ याचा आधार म्हणजे जपानमधल्या ओसाकी भागातल्या 43,391 प्रौढांचा सात वर्षांचा अभ्यास (2008). ‘इकिगाई नाही’ म्हणणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं, हे खरं. पण प्रश्न एकच होता आणि तो आयुष्याबद्दल होता, नोकरीबद्दल नव्हे. शिवाय ‘नाही’ म्हणणाऱ्यांत बेरोजगार आणि आधीच तब्येत बरी नसलेले जास्त होते. संशोधकांनी हा फरक हिशेबात धरला, तरी कार्यकारण सिद्ध होत नाही.

‘अर्थ योग्य पदात दडलेला असतो.’ मुख्य घोळ इथे आहे. एमी रेझनेस्की आणि सहकाऱ्यांच्या 1997 च्या अभ्यासात एकाच प्रकारचं काम करणारे 24 कार्यालयीन सहाय्यक होते. कामाकडे फक्त नोकरी, करिअर किंवा जीवितकार्य म्हणून पाहणारे असे त्यांचे जवळपास सारखे तीन गट पडले.

पद तेच राहून काय बदलतं, हे हॅकमन आणि ओल्डहॅम या संशोधकांच्या 1970 च्या दशकातल्या मांडणीत नीट दिसतं. कौशल्यांची विविधता, काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातात असणं आणि त्याचा इतरांवरचा परिणाम, या तिन्हींना 1 ते 7 गुण देऊन सरासरी काढा. तिला स्वायत्ततेच्या आणि ‘काम कसं झालं ते कळतं का’ याच्या गुणांनी गुणा. सरासरी 5, स्वायत्तता 6, कळणं 6 असेल तर 180. कळणं 2 वर आलं की थेट 60. (पुढच्या अभ्यासांत गुणाकाराऐवजी साधी बेरीजही जवळपास तितकीच चालली. तेव्हा आकड्याला फार मान देऊ नका, गळती शोधायला वापरा.)

बहुतेक ऑफिसांत गळती शेवटच्या घटकात असते: फाइल पुढे गेली, तिचं काय झालं कुणालाच माहीत नाही. अ‍ॅडम ग्रँट यांच्या 2007 च्या प्रयोगात विद्यापीठासाठी फोनवर देणग्या मागणाऱ्यांना एका शिष्यवृत्तीधारकाशी काही मिनिटं भेटवलं. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ 142 टक्क्यांनी आणि जमलेली रक्कम 171 टक्क्यांनी वाढली. भाषण मात्र साहेबांचं नको, लाभ झालेल्या माणसाचंच हवं.

‘बिंदू सापडत नसेल तर नोकरी बदला.’ छळ किंवा थकलेला पगार असेल तर जरूर सोडा. एरवी आधी दोन आठवडे प्रत्येक कामाला किती तास जातात ते लिहा. मग आठवड्यातले दोनच तास बदला, तेही वरिष्ठांची परवानगी न लागणाऱ्या जागी: नवख्याला शिकवा, किंवा तुमचा अहवाल वापरणाऱ्याला विचारा की त्यातलं काय उपयोगी पडतं. सुरुवातीला वरच्या पाच घटकांना गुण द्या आणि सहा आठवड्यांनी पुन्हा द्या. हमखास होणारी चूक म्हणजे आवडीचं काम वाढवायचं आणि जुनं काहीच कमी करायचं नाही. मग अर्थ राहतो बाजूला, उशिरापर्यंत थांबणं तेवढं वाढतं.

‘आवडीचं काम असलं की सगळं आलंच.’ बंडरसन आणि थॉम्पसन यांनी 2009 मध्ये प्राणिसंग्रहालयात प्राण्यांची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. कामाला जीवितकार्य मानणाऱ्यांना अर्थ जास्त सापडत होता, आणि तेच पगार व सोयींवर पाणी सोडायलाही तयार होते. आपल्याकडे आशा सेविका स्वयंसेविका मानल्या जातात, म्हणून त्यांना नियमित पगाराऐवजी मोबदला आणि मानधन मिळतं. त्यांच्या आंदोलनांत हा मुद्दा पुन्हा पुन्हा येतो. तेव्हा जाहिरातीत ‘सेवाभावी वृत्ती आवश्यक’ दिसलं, की मुलाखतीतच कामाचे तास, जादा कामाचा मोबदला आणि सुट्ट्या विचारून लेखी घ्या.