आधी कान, मग खोक्यावरचे आकडे

आज दुपारी भाच्याने मला एक तक्ता पाठवला आणि खाली लिहिले, "मावशी, यांतला कोणता हेडफोन घेऊ?" तक्त्यात ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारा छोटा भाग) किती मिलिमीटरचा, कोडेक (गाणे ब्लूटूथवरून पाठवण्याची पद्धत) कोणता, बॅटरी किती तास, ब्लूटूथची आवृत्ती कितवी आणि नॉइज कॅन्सलेशन (बाहेरचा आवाज दाबण्याची सोय) किती डेसिबलचे, हे सगळे रकाने व्यवस्थित भरलेले होते. तो हेडफोन कानात बसतो की नाही, यासाठी मात्र एकही रकाना नव्हता. भाच्यावर माझा अजिबात राग नाही, कारण त्याने मेहनत घेतली आहे. राग आहे तो गाणे ऐकण्याची वस्तू आकड्यांवरून विकणाऱ्यांवर, आणि तशीच ती विकत घ्यायची असते हे आपल्या मुलांच्या मनावर बिंबवणाऱ्यांवर. आपण चष्मा नाकावर ठेवून पाहिल्याशिवाय घेत नाही, मग हेडफोनच्या बाबतीत एवढी साधी गोष्ट कोणालाच का सुचत नाही?

माझ्या बाबांचीच गोष्ट सांगते. ते रोज पहाटे फोनवर गाणी ऐकतात. जुना हेडफोन बिघडला तेव्हा एका विक्रेत्याने त्यांच्या हाती एलडॅक कोडेक असलेले महागडे इअरबड्स ठेवले आणि याच्या वर काही नाही, असे ठामपणे सांगितले. बाबांनी ते थोडे दिवस वापरले आणि मग कपाटात ठेवून दिले. विचारल्यावर म्हणाले, "आवाज स्वच्छ आहे गं, पण गाण्याला तळच नाही." आयुष्यभर मन लावून गाणे ऐकलेला माणूस असे म्हणतो तेव्हा मी ते गंभीरपणे घेते. मी खोके उघडले, तर माहितीपत्रकाच्या खाली इअरबडच्या टोकाला चढवायच्या सिलिकॉनच्या टिप्सची छोटी पारदर्शक पिशवी तशीच बंद पडलेली होती. कारखान्यातून मधल्या मापाची टिप लावून आली होती आणि बाबांच्या कानाचे भोक रुंद आहे. मी मोठी टिप चढवली, त्यांना एका हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढून धरायला सांगितले आणि इअरबड आत सरकवून किंचित फिरवायला लावला. गाणे लावल्यावर ते काही बोलले नाहीत, पण त्यांची बोटे खुर्चीच्या हातावर ठेका धरू लागली.

यामागे सरळ भौतिकशास्त्र आहे. कानात घालायचा इअरबड आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये हवेची लहानशी बंद पोकळी तयार होते, आणि खालचे स्वर ऐकू येण्यासाठी त्या पोकळीतला हवेचा दाब टिकावा लागतो. टिपेच्या कडेने हवा निसटली की सर्वांत आधी खर्ज जातो, वरचे बारीक स्वर मात्र तसेच राहतात, म्हणून आवाज स्वच्छ पण पोकळ वाटतो. अशा वेळी ड्रायव्हर दहा मिलिमीटरचा असो की बाराचा, त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. डोक्यावरून घ्यायच्या मोठ्या हेडफोनचेही तेच आहे. गादी कानाभोवती नीट टेकली नाही, चष्म्याची दांडी मध्ये आली, की तिथून खालचे स्वर निसटतात. ज्यांना कानाच्या आत काही घातलेले सहन होत नाही त्यांनी मोठाच हेडफोन घ्यावा, पण चष्मा लावून आणि निदान अर्धा तास डोक्यावर ठेवून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

आता त्या कोडेकविषयी, कारण सगळ्यात जास्त दिशाभूल तिथेच होते. फोनमधले गाणे ब्लूटूथवरून पाठवण्यासाठी आकुंचित करण्याची पद्धत म्हणजे कोडेक, आणि ती फोन व हेडफोन या दोघांनाही यावी लागते. एसबीसी ही पद्धत प्रत्येक ब्लूटूथ हेडफोनमध्ये असतेच. आयफोन एसबीसी आणि एएसी या दोनच पद्धतींनी हेडफोनला गाणे पाठवतो. सोनीने तयार केलेले एलडॅक २०१७ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ८ पासून अँड्रॉइडमध्ये आहे, आयफोनमध्ये नाही. माझ्या बाबांचा फोन आयफोन आहे! विकताना तो फोन त्यांच्या हातात होता आणि विक्रेत्याला तो दिसत होता. जे कोडेक त्यांच्या फोनवर कधीच चालणार नव्हते त्याच्या नावाखाली त्यांच्याकडून जास्तीचे पैसे घेतले गेले, आणि हे आठवले की अजूनही माझा संताप होतो.

अँड्रॉइडवाल्यांनीही निश्चिंत राहू नये. एलडॅक सेकंदाला कमाल ९९० किलोबिट माहिती पाठवते हे खरे, पण गर्दीत किंवा फोन मागच्या खिशात असताना संपर्क क्षीण झाला की तेच ३३० वर उतरू शकते. शिवाय मूळ गाणेच सेकंदाला २५६ किलोबिटचे असेल तर जास्त क्षमतेचे कोडेक त्यात नसलेला तपशील कोठून आणणार? शांत खोलीत, चांगले ध्वनिमुद्रण, लॉसलेस (तपशील न गमावता साठवलेली) फाइल आणि दोन्ही उपकरणांना जमणारे कोडेक असेल तर काहींना फरक ऐकू येतो, एवढे मी मान्य करते. ब्लूटूथच्या आवृत्तीबद्दल तर एवढेच, की नुसता आकडा वाढल्याने गाणे गोड होत नाही.

नॉइज कॅन्सलेशनच्या बाबतीत मी थोडी मवाळ आहे, कारण त्याचा खरा उपयोग होतो. बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपून त्याची नेमकी उलटी लहर कानात सोडली जाते, त्यामुळे इंजिनाची घरघर किंवा पंख्याचा सततचा आवाज बराच दबतो. शेजारच्या माणसाचे बोलणे मात्र तितके दबत नाही, आणि टिप सैल असेल तर घरघरही दबत नाही. आवाज दबला की गाणे मोठ्याने लावावे लागत नाही, आणि ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावे, ९० डेसिबलवर मात्र केवळ ४ तास. बाबा त्या सैल टिपेतून हरवलेला तळ शोधण्यासाठी आवाज वाढवत राहिले होते. त्यांच्या वयात, आधीच वरचे स्वर थोडे कमी ऐकू येत असताना, हे किती वाईट आहे याचा विचार मनात आला की राग ओसरतो आणि काळजीच वाटू लागते. तुमच्याही घरी असे कोणी असेल, तर आज त्यांच्या टिप्स बदलून पाहा.

हेडफोनचा मायक्रोफोन चालू झाला की गाण्याचा दर्जा एकदम खाली येतो, हेही लक्षात असू द्यावे. तो बहुधा बिघाड नसतो. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये बोलण्यासाठी वेगळी, कमी दर्जाची जोडणी वापरली जाते.

बॅटरीबद्दल लिहायला बसले की पुन्हा डोके तापते. तक्त्यात तास लिहिले होते, वर्षे नव्हती. लिथियम-आयन बॅटरी वापराने क्षीण होणारच, आणि इअरबडमधली इवलीशी बॅटरी तर बहुतेक वेळा गोंदाने बंद केलेली असते. ड्रायव्हर उत्तम, टिपही अगदी बरोबर मापाची, तरी केवळ बॅटरी संपली म्हणून ती वस्तू फेकायची, ही उधळपट्टी आपल्यापैकी कोणालाच पटणार नाही. मोठ्या हेडफोनमध्ये निदान गाद्या बदलता येतात, आणि काहींना वायर जोडली तर बॅटरी संपल्यावरही ते वाजतात. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमांनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, उपकरणातील छोटी बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे. सगळ्या जगासाठी बनणाऱ्या वस्तूंवर त्याचा परिणाम व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. तोवर हेडफोन घेताना दोन प्रश्न न लाजता विचारा: बॅटरी बदलून मिळते का, आणि टिप्स किंवा गाद्या सुट्या मिळतात का. दोन्हींचे उत्तर "नाही" असेल, तर त्याऐवजी त्याच्यापेक्षा कमी किमतीचा, पण तुमच्या कानात नीट बसणारा हेडफोन घ्या.