झाडाला आधी आळं द्या

मंडळी, पावसाळ्यात झाड कोसळलं की ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "जुनं झालं होतं, वाऱ्याने पडलं." मला हे पटत नाही. शहरातली कितीतरी झाडं वारा सुटायच्या आधीच आपण अधू करून ठेवलेली असतात, बुंध्यापर्यंत काँक्रीट भिडवून.

आमच्या रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षाजवळ कधी वाकून बघा. पेव्हर ब्लॉक थेट सालीला टेकलेत. खोड वाढत गेलं तशी साल त्या कडेवर फुगून आलीय. फटीत पाणी साचून खालचा भाग कुजलाय, बोटाने दाबला तरी भुसभुशीत लागतो. मागच्या बाजूला अळंबीही उगवलीय. वर हिरवागार पसारा आहे, म्हणून कुणाला शंकासुद्धा येत नाही.

मुळं पार पाताळात जातात, असा आपला समज. प्रत्यक्षात पाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या दीड-दोन फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. काँक्रीटने दोन्ही तोडायचं, वर केबलसाठी चर खणताना एका बाजूची जाड मुळं छाटायची. मग मे महिन्यातला एक वळीव पुरतो.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. आपल्याकडे १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. त्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. माझ्या मते बुंधा आवळणं ही इजाच आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष ठरवलं, उत्तम झालं. पण त्यांच्या बुंध्याशी माती उरलीय का, हे कोण बघतंय?

जूनमध्ये नवी रोपं जरूर लावा. पण सोसायटीच्या आवारातल्या उभ्या झाडांचं आधी बघा. ब्रेकर नको, छिन्नी-पहारीने जपून फरशा काढा. मीटरभर माती मोकळी करून आळं करा, पालापाचोळा पसरा, फक्त तो खोडाला टेकवू नका. खोडावर माती चढवणंही तितकंच वाईट. रस्त्यावरच्या झाडांसाठी उद्यान विभागाकडे फोटोसह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आणि बुंध्याशी सिमेंट ओतताना कुणी दिसलं तर तिथल्या तिथे थांबवा. एकदा वाळलं की फोडायला कुणी येत नाही.