मथळ्याखालच्या चार ओळी

जुन्या मराठी नियतकालिकांचे अंक चाळताना बहुतेक वाचक थेट अग्रलेखाकडे वळतात आणि नावाखाली छापलेल्या श्लोकावरून किंवा अभंगावरून त्यांची नजर नुसती सरकून जाते. असे बिरुद शोभेसाठी छापलेले असते, हा समज मला मुळातच चुकीचा वाटतो. लेखक कोणाच्या परंपरेत उभा राहून बोलतो आहे आणि कोणाला उद्देशून बोलतो आहे, हे त्या ओळींत पहिल्यांदा सांगितलेले असते. त्या गाळून खालचा मजकूर वाचणाऱ्याला लेखकाची भूमिका अर्धीच कळते.

शिलालेखांच्या आरंभीही ठरावीक शब्द येतात, पण त्यांचे काम वेगळे असते. नाशिकच्या पांडवलेण्यांत शक राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या दानलेखाचा आरंभ ‘सिद्धम्’ या शब्दाने होतो. नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेखात आधी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. यज्ञांची आणि दक्षिणांची गणती त्यानंतर येते. शिलाहार आणि यादव काळातल्या दानलेखांत ‘स्वस्ति श्री’, मग शक, मग दानाचा तपशील आणि शेवटी ते दान मोडणाऱ्याला शाप, असा क्रम वारंवार आढळतो. गद्धेगाळीच्या, म्हणजे असा शाप कोरलेल्या, दगडांवर माथ्याशी चंद्र-सूर्य कोरलेले असतात, त्यामुळे ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही ‘आचंद्रार्क’, म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत, हा अर्थ पोचतो. मात्र हे शब्द आणि ही चिन्हे कोणा एका कोरणाऱ्याची किंवा दात्याची नसतात. ती रूढीने ठरलेली, सर्वांची असतात. ग्रंथाच्या किंवा वृत्तपत्राच्या आरंभीचे वचन लेखक स्वतः निवडतो, म्हणून त्याची जबाबदारीही त्याच्यावर येते.

१८८१ साली निघालेल्या ‘केसरी’ने संस्कृत कवी जगन्नाथ पंडिताचा श्लोक निवडला. मदाने अंध झालेल्या गजराजाला त्यात बजावले आहे की या अरण्यात क्षणभरही थांबू नकोस, हत्ती समजून मोठमोठे पाषाण नखांनी फोडणारा सिंह इथल्या गुहेत झोपला आहे. हत्ती म्हणजे इंग्रजी सत्ता, हे वाचकाला सांगावे लागत नव्हते. श्लोक संस्कृतात होता, आणि त्यावरून या पत्राचा वाचक कोणत्या वर्गातला धरला होता, याचाही अंदाज येतो.

त्याआधी, १८७३ साली, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’च्या इंग्रजी प्रस्तावनेच्या माथ्यावर ग्रीक महाकवी होमरचे वचन ठेवले. माणसाला गुलाम करणारा दिवस त्याचा निम्मा सद्गुण हिरावून घेतो, असा त्याचा आशय. जोतीरावांना साक्षीदार हवा होता आणि तो त्यांनी मुद्दाम दुरून आणला, कारण जवळच्या ग्रंथांविरुद्धच त्यांचा खटला होता. दहा वर्षांनी लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’च्या आरंभी ‘विद्येविना मति गेली’ या त्यांच्या स्वतःच्या ओळी आल्या. तिथे त्यांना कोणाची साक्ष लागली नाही.

पण या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटतात ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या दोन पत्रांवरची वचने. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले तेव्हा त्यावर तुकोबांच्या ओळी होत्या:

काय करूं आतां धरूनियां भीड । निःशंक हें तोंड वाजविलें ॥
नव्हे जगीं कोणी मुकियाचा जाण । सार्थक लाजोन नव्हे हित ॥

पत्राच्या नावाचे मूळ तिसऱ्या चरणातच दिसते. मुक्याला जगात कोणी जाणत नाही, तेव्हा लाजून हित होणार नाही. ज्यांच्या अभंगरचनेच्या अधिकारावरच आक्षेप घेतला गेला, त्या तुकोबांचा आधार ज्यांना बोलण्याचाच अधिकार नाकारला गेला त्यांच्या पत्राने घेतला. ‘केसरी’ने या पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापायला नकार दिला, असे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. ते वाचल्यावर ‘तोंड वाजविलें’ या शब्दांना केवढी धार होती ते लक्षात येते.

सात वर्षांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले आणि बिरुद बदलले. आता ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायातल्या ओव्या आल्या:

आतां कोदंड घेऊनि हातीं । आरूढ पां इये रथीं ।
देईं आलिंगन वीरवृत्ती । समाधानें ॥

या ओवीपाठोपाठ ‘स्वधर्माचा मानु वाढवीं’ आणि ‘या संग्रामा चित्त देईं’ असे चरण येतात. मधल्या काळात काय घडले होते? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले होते. अंक निघाला तो त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी. बोलण्याची भीड सोडण्यापासून रथावर आरूढ होण्यापर्यंतचा प्रवास या दोन बिरुदांत उतरला आहे. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. ते करणाऱ्या नेत्याच्या पत्रावर ‘स्वधर्म’ हा शब्द होता, आणि खालचे लेख वाचत गेले की त्याचा अर्थ माणुसकीच्या हक्कासाठीचे कर्तव्य असा होत जातो. ओवी ज्ञानदेवांचीच राहिली, पण अर्जुनाच्या जागी आता बहिष्कृत समाज उभा होता. उद्धृत वचन नव्या जागी नवा अर्थ घेते, याचे याहून ठळक उदाहरण मराठीत मला आढळलेले नाही.

म्हणूनच जुने अग्रलेख निवडून पुस्तकरूपाने काढताना बिरुद वगळले जाते तेव्हा मला तीव्र खंत वाटते. उलट बाजूने, आज अनेक पुस्तकांच्या पहिल्या पानावर गाथेत नसलेल्या ओळी तुकोबांच्या नावावर छापलेल्या दिसतात, कारण त्या समाजमाध्यमांवर तशाच फिरत असतात. माझा आग्रह साधा आहे. वचन ज्या ग्रंथातून घेतले तिथे ते स्वतः पाहावे, त्याच्या मागच्या-पुढच्या ओळी वाचाव्यात, आणि वचनाखाली अभंगाचा किंवा अध्यायाचा क्रमांक द्यावा. संपादकांनी पुनर्मुद्रणात मूळ अंकाच्या पहिल्या पानाचे छायाचित्र द्यावे, म्हणजे नाव, बिरुद आणि अग्रलेख वाचकाला एकत्र दिसतील.